‘पीएच नॉर्मल आहे’ म्हणून काय झालं?

आयसीयूत काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांमध्ये सध्या एक मत चांगलंच रुजलं आहे. धमनीतल्या रक्ताच्या वायुतपासणीचा, म्हणजे एबीजीचा, अर्थ लावायला आता कागद-पेन घेऊन बसायची गरज उरलेली नाही, असं ते मत. मशीन दोन-चार मिनिटांत पीएच, कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट, बेस एक्सेस, लॅक्टेट सगळं छापून देतं. पीएच पाहावा, लॅक्टेट पाहावं, बेस एक्सेस किती उणे आहे ते पाहावं आणि कामाला लागावं. ॲनायन गॅप काढणं, अपेक्षित कार्बन डायऑक्साइडचं सूत्र मांडणं, अल्ब्युमिनची दुरुस्ती करणं हे परीक्षेतल्या व्हायव्हापुरतं. फारच हौस असेल तर मोबाइलवर ॲप आहेच. हा नुसता आळस आहे असं म्हणून हे मत उडवून लावता येईल, पण तसं करणं अन्यायाचं होईल. एकेका रेसिडेंटच्या अंगावर रात्रभर डझनभर अत्यवस्थ रुग्ण असतात, तेव्हा वेळ वाचवणारी कुठलीही युक्ती शहाणपणाचीच वाटणार. तरीही हे मत चूक आहे. भांडण वेळेचं नाहीच. त्या स्लिपवर नेमकं काय छापलेलं असतं, याबद्दलचाच हा गैरसमज आहे.

पीएच हा एका प्रमाणाचा आकडा आहे. लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ साली हे नातं मांडलं आणि डेन्मार्कच्या कार्ल हॅसेलबाल्क यांनी १९१६ साली त्याला लॉगॅरिदमचं आजचं रूप दिलं. वर मूत्रपिंडांच्या ताब्यातलं बायकार्बोनेट, खाली फुप्फुसांच्या ताब्यातला कार्बन डायऑक्साइड. या दोघांचं प्रमाण ठरलं की पीएच ठरला. बायकार्बोनेट २४ मिलिमोल आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिलिमीटर असेल तर पीएच ७.४० येतो. बायकार्बोनेट १२ आणि दाब २० असेल तरीही तो ७.४०च येतो. पहिला माणूस ठणठणीत असू शकतो. दुसऱ्याला मात्र एकाच वेळी दोन आजार आहेत: कुठलं तरी आम्ल बायकार्बोनेट खातंय आणि वेगळ्याच कारणानं तो गरजेपेक्षा जोरात श्वास घेतोय. सेप्सिसमध्ये आणि ॲस्पिरिनच्या विषबाधेत नेमकं हेच दिसतं. शरीर एका बिघाडाची भरपाई दुसऱ्या बाजूनं करतं हे खरं, पण चयापचयातल्या बिघाडाची भरपाई पीएचला पूर्ण जागेवर आणून ठेवत नाही. (उंच डोंगरावर कायम राहणारे लोक किंवा गरोदर स्त्रिया यांच्यातला दीर्घकाळचा श्वसनजन्य अल्कलोसिस हा याला जवळ जाणारा अपवाद, पण तिथे बिघाडाची सुरुवातच श्वासापासून होते.) म्हणून बायकार्बोनेट निम्म्यावर आलेलं असताना पीएच ७.४० दिसला, तर सुटकेचा निःश्वास टाकायचं काहीच कारण नसतं.

पण या उदाहरणात निदान आकडे तरी बिघडलेले दिसतात. तिन्ही आकडे निर्दोष असूनही माणूस गंभीर आजारी असू शकतो. मधुमेही रुग्ण, इन्सुलिन चुकलेलं, दोन दिवस उलट्या. स्लिपवर पीएच ७.४०, कार्बन डायऑक्साइड ४०, बायकार्बोनेट २४. बेस एक्सेस शून्य. फक्त स्लिप वाचणारा डॉक्टर ती खाली ठेवून पुढच्या बेडकडे जाईल. आता त्याच रक्तातले क्षार पाहा: सोडियम १४५, क्लोराइड ९५. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केलं तर उरतात २६. ही ॲनायन गॅप एरवी १० ते १२च्या घरात असते. म्हणजे रक्तात १४-१५ मिलिइक्विव्हॅलंट परकं आम्ल आहे, बहुधा कीटोन, आणि त्यानं बायकार्बोनेट १०च्या आसपास आणायला हवं होतं. ते तसं आलं नाही, कारण उलट्यांबरोबर जठरातलं आम्ल बाहेर गेलं आणि तितकंच बायकार्बोनेट चढलं. पासबुकात शेवटची शिल्लक जुनीच दिसते म्हणून महिनाभर व्यवहारच झाला नाही असं कुणी म्हणत नाही. पीएच आणि बेस एक्सेस ही फक्त शिल्लक आहे. जमा किती आणि खर्च किती हे कळायला वजाबाकी करावी लागते, आणि त्या वजाबाकीला सोडियम-क्लोराइड लागतं. उलट्या थांबवणारं इंजेक्शन आणि सलाइन देऊन या रुग्णाला वॉर्डात पाठवलं, तर संध्याकाळपर्यंत उलट्या थांबतील, अल्कलोसिस ओसरेल आणि तोवर झाकलेला कीटोॲसिडोसिस उघडा पडेल. ‘अचानक बिघडला’ असं तेव्हा नातेवाइकांना सांगितलं जाईल. वास्तविक सकाळच्या रक्तात सगळं होतं.

सुटा आकडा वाचण्याची किंमत किती असू शकते, याचा इतिहासातला सर्वांत ठसठशीत दाखला कोपनहेगनचा आहे. १९५२च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येऊ लागले, त्यांच्यासाठी एक लोखंडी फुप्फुस आणि छातीवर बसवायची सहा यंत्रं एवढीच सामग्री. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. प्रयोगशाळा तेव्हा रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजून देत होती आणि तो खूप चढलेला होता. एकूण कार्बन डायऑक्साइड चढला म्हणजे बायकार्बोनेट चढलं, म्हणजे अल्कलोसिस, असा त्या काळातला सरळ अर्थ लावला गेला. हा अनाकलनीय अल्कलोसिस कुठून आला याचंच कोडं पडलं होतं. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी त्याच आकड्याचा उलटा अर्थ लावला. ही माणसं श्वास सोडू शकत नाहीत, वायू आत साठतोय, बायकार्बोनेट त्याच्या मागोमाग चढतंय. हा अल्कलोसिस नव्हे, श्वसनजन्य ॲसिडोसिस आहे. २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन, रबरी पिशवी हातानं दाबून तिला श्वास दिला गेला आणि ती वाचली. पुढे काही महिने सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनं पिशव्या दाबत बसले आणि मृत्यूचं प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास उतरलं. तिथल्याच प्रयोगशाळेचे पोल आस्ट्रुप यांनी पीएच प्रत्यक्ष मोजून इब्सेन यांचं म्हणणं खरं ठरवलं, आणि आजच्या गॅस मशीनचा वंश तिथूनच सुरू झाला.

‘तेव्हा पीएच मोजतच नव्हते, आता मोजतो, मग ती चूक आता कशी होईल?’ असं यावर हमखास विचारलं जातं. होते, फक्त वेगळ्या वेशात. पीएच ७.२२, कार्बन डायऑक्साइड ६५, बायकार्बोनेट २६ ही स्लिप घ्या. बायकार्बोनेट नॉर्मल, वायू साठलेला, म्हणजे नुसता श्वसनाचा प्रश्न, असं कुणीही म्हणेल. दम्यानं थकलेल्या विशीतल्या मुलाची ही स्लिप असेल तर ते बरोबर आहे: वायू अचानक साठतो तेव्हा दर १० मिलिमीटरला बायकार्बोनेट जेमतेम १नं वाढतं, म्हणजे २६-२७ हेच अपेक्षित. पण आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आणि त्यापायी फुप्फुसं निकामी झालेल्या सत्तरीतल्या बाईंची हीच स्लिप असेल, तर अर्थ पार बदलतो. वर्षानुवर्षं वायू साठवणाऱ्या माणसाचं बायकार्बोनेट दर १० मिलिमीटरला ४नं चढलेलं असतं. त्यांचं रोजचं बायकार्बोनेट ३४ असायला हवं. ते २६ दिसतंय, म्हणजे ८ कुठेतरी खर्ची पडलंय. क्षार सांगतील कुठे ते. मुलाचं सोडियम १३८, क्लोराइड १०२, गॅप १०. बाईंचं सोडियम १३८, क्लोराइड ९४, गॅप १८. बाईंच्या रक्तात ८ मिलिइक्विव्हॅलंटचं नवं आम्ल आहे. न्यूमोनिया रक्तात उतरलाय का, पोटात काही कुजतंय का, हे शोधायला हवं. मुलाला श्वास दिला की निम्मं काम झालं. बाईंना नुसता श्वास देऊन त्या वाचणार नाहीत. पीएच तोच, वायू तोच, बायकार्बोनेट तेच, आणि स्लिपकडे कितीही वेळ टक लावून बघितलं तरी या दोघांतला फरक तिच्यावर सापडणार नाही.

आता ‘बेस एक्सेस’च्या समर्थकांकडे वळू. श्वसनाचा भाग वगळून चयापचयाचा हिशोब एका आकड्यात देणारी ही सोय आस्ट्रुप आणि ओले सिगार्ड-आंडरसन यांच्या कोपनहेगनच्या कामातून आली. ती हुशारीची आहे यात शंका नाही. पण तिच्यावरचा मुख्य आक्षेपही जुनाच आहे: १९६३ साली बॉस्टनच्या श्वार्ट्झ आणि रेलमन यांनी दाखवून दिलं, की दीर्घकाळ वायू साठवणाऱ्या रुग्णात बेस एक्सेस अधिक दिसतो आणि शरीराची रास्त भरपाईच वेगळा आजार म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो. अटलांटिकच्या दोन काठांवर हा वाद पुढे बरीच वर्षं चालला. दोन्ही बाजूंचे लोक व्यासंगी होते, दोन्ही पद्धती नीट वापरल्या तर बहुतेक वेळा एकाच निदानाला पोचतात. पण सध्या रुळलेली पद्धत कोपनहेगनचीही नाही आणि बॉस्टनचीही नाही. बेस एक्सेस उणे १० दिसला की बायकार्बोनेटच्या बाटल्या किंवा सलाइनची आणखी एक पिशवी, एवढीच ती पद्धत आहे. सिगार्ड-आंडरसन यांनाही ती आपली म्हणून ओळखता आली नसती.

सलाइनचा मुद्दा जरा थांबून बघण्याजोगा आहे, कारण इथे चुकीचं वाचन स्वतःच आजार तयार करतं. नॉर्मल सलाइनमध्ये सोडियम १५४ आणि क्लोराइडही १५४. रक्तातलं क्लोराइड मात्र १००च्या आसपास. कीटोॲसिडोसिसच्या रुग्णाला पहिल्या दिवशी पाच-सहा लिटर सलाइन गेलं की साखर उतरते, कीटोन जातात, पण बायकार्बोनेट १४-१५वरच अडकून बसतं आणि बेस एक्सेस उणेच राहतो. गॅप काढली तर ती १०-११, म्हणजे कीटोॲसिडोसिस संपला; उरलाय तो आपणच ओतलेल्या क्लोराइडचा ॲसिडोसिस, जो मूत्रपिंडं एक-दोन दिवसांत निस्तरतात. गॅप काढली नाही तर ‘अजून ॲसिडोसिस आहे’ म्हणून इन्सुलिनचं ड्रिप चालू राहतं, आणखी सलाइन चढतं आणि क्लोराइड आणखी वाढतं. इथे स्टुअर्टवादी मंडळी म्हणतील की हे तर आमचंच उदाहरण. मान्य. पीटर स्टुअर्ट यांनी १९८०च्या आसपास मांडलेली पद्धत, सोडियम-क्लोराइडमधला फरक, अल्ब्युमिन आणि कार्बन डायऑक्साइड यांवरून सगळं समजून घेण्याची, या प्रसंगाचा उलगडा जास्त स्वच्छ करते. पण ‘स्टुअर्ट आल्यावर ॲनायन गॅप जुनाट झाली’ हे म्हणणं मात्र पटत नाही. स्टुअर्टलाही सोडियम लागतं, क्लोराइड लागतं, अल्ब्युमिन लागतं. त्याची आकडेमोड जास्तच आहे, कमी नाही. आकडेमोड टाळण्यासाठी स्टुअर्टचं नाव घेणाऱ्यांनी त्यांची समीकरणं बहुधा पाहिलेली नाहीत.

अल्ब्युमिनचा उल्लेख आलाच आहे तर तोही हिशोब करून टाकू. गॅपचा बराचसा भाग मुळात अल्ब्युमिनच्या ऋणभाराचा असतो. अल्ब्युमिन ४च्या खाली दर १ ग्रॅमला गॅप साधारण २.५नं कमी दिसते. कुपोषित, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा जुना रुग्ण, अल्ब्युमिन २, गॅप १२: कागदावर छान, प्रत्यक्षात १७. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत अल्ब्युमिन ४ असलेला आयसीयूतला रुग्ण शोधावा लागतो, त्यामुळे ही दुरुस्ती आपल्यासाठी तळटीप नाही, रोजची गोष्ट आहे.

लॅक्टेटवर सगळा भरवसा ठेवणाऱ्यांचा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. सेप्सिसमध्ये, शॉकमध्ये लॅक्टेट खरोखरच उपयोगी पडतं, आणि ते थेट मोजलं जात असेल तर गॅपची आडवाट कशाला? कारण लॅक्टेट हे एकच आम्ल आहे. जून २०१५मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं, ते डोळ्यांच्या नसा जाळतं, आणि हे व्हायला कित्येक तास लागतात. अशा रुग्णाचं लॅक्टेट ४ असेल आणि गॅप ३० असेल, तर गॅपमधल्या वाढीतले १४-१५ मिलिइक्विव्हॅलंट लॅक्टेटच्या खात्यात बसतच नाहीत. ते कुणाचे, हा प्रश्न ज्याला पडतो तोच मिथेनॉलचा विचार करतो आणि इथेनॉल किंवा फोमेपिझोल, डायलिसिस यांच्या मागे लागतो. ज्यानं फक्त लॅक्टेट पाहिलं, तो शॉकचा उपचार करत बसतो. उलटी फसगतही होते: एथिलीन ग्लायकॉलच्या विषबाधेत तयार होणारं ग्लायकोलेट काही गॅस मशीनच्या इलेक्ट्रोडला लॅक्टेटच वाटतं आणि स्लिपवर खोटंच प्रचंड लॅक्टेट छापून येतं. मशीन खोटं बोलत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तसं पाहिलं तर स्लिपवरचं बायकार्बोनेटही मोजलेलं नसतं. मशीन पीएच आणि कार्बन डायऑक्साइड मोजतं आणि त्यावरून ते काढतं. त्यामुळे तिन्ही आकडे आपसात जुळतात म्हणून नमुना चांगला, हा निष्कर्ष फोल आहे, ते जुळणारच. सिरिंजमध्ये द्रव हेपरिन जास्त राहिलं तर कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट दोन्ही खोटे उतरतात, हवेचा बुडबुडा राहिला तर वायू उतरतो आणि ऑक्सिजन हवेतल्या दाबाकडे सरकतो. खरी पडताळणी होते ती बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत त्याच वेळी मोजलेल्या बायकार्बोनेटशी ताडून पाहिल्यावर.

राहिलं ॲप. ॲपला विरोध करण्यात अर्थ नाही. गुणाकार ते आपल्यापेक्षा बिनचूक करतं. पण वर पाहिलेल्या मुलात आणि बाईंमध्ये फरक करायला ‘दम किती वर्षांचा?’ हे बरोबर आलेल्या माणसाला विचारावं लागतं, आणि ते उत्तर रक्तात नसतं. आणखी एक सापळा आहे. पीएच ७.१०, कार्बन डायऑक्साइड ३०, बायकार्बोनेट ९. ३० हे ४०पेक्षा कमी, म्हणून घाईत वाचणारा ‘अंशतः भरपाई झालेला मेटाबॉलिक ॲसिडोसिस’ असं लिहून मोकळा होतो. विंटर्सचं सूत्र मांडा: बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८, म्हणजे २१.५, दोनाचा फरक इकडेतिकडे. ३० हे कमी नाही, जास्त आहे. हा माणूस श्वास घेऊन घेऊन थकत चाललाय. भरपाई होत नाहीये, मोडतेय. अशा रुग्णाला नळी घालायची वेळ आलीच, तर व्हेंटिलेटरवर किती श्वास ठेवायचे हेही हेच सूत्र सांगतं. बायकार्बोनेट ५ असलेला रुग्ण स्वतःच्या जोरावर कार्बन डायऑक्साइड १५वर ठेवून पीएच ७.१४ राखत असतो. त्याला बेशुद्ध करून मिनिटाला १४ श्वासांचं नेहमीचं सेटिंग लावलं आणि वायू ४०वर आला, की पीएच ६.९च्या खाली जातो आणि हृदय थांबतं. स्लिप ‘सुधारण्याच्या’ नादात माणूस जातो.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यवहारी: निदान काहीही असो, पीएच फार खाली गेला की बायकार्बोनेट द्यायचंच आहे, मग एवढी चिरफाड कशाला? फ्रान्समधल्या आयसीयूंमध्ये झालेला बायकार-आयसीयू हा मोठा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पीएच ७.२० किंवा त्याखाली असलेल्या रुग्णांना बायकार्बोनेट देऊन सरसकट मुख्य निष्कर्षात फरक पडला नाही; मूत्रपिंडांना चांगलीच इजा झालेल्या गटात मात्र फायदा दिसला. आणि कीटोॲसिडोसिसचे, श्वसनजन्य ॲसिडोसिसचे रुग्ण त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. म्हणजे ज्या अभ्यासाच्या जोरावर बायकार्बोनेट लिहिलं जातं, त्यात शिरायलासुद्धा आधी ॲसिडोसिस कोणता ते ठरवावं लागलं होतं. जुलाबांनी बायकार्बोनेट वाहून गेलेल्या रुग्णाला ते परत देणं रास्त, मिथेनॉलमध्येही रास्त. कीटोनमध्ये औषध इन्सुलिनच. आणि श्वास अडलेल्याला बायकार्बोनेट दिलं तर त्यातून नवा कार्बन डायऑक्साइडच तयार होतो, जो तो बाहेर टाकू शकत नाही.

गॅप काढून होईपर्यंत गुदमरणाऱ्याला ताटकळत ठेवा, असं कुणीच म्हणत नाही. श्वास आधी, रक्तदाब आधी. पण सोडियममधून दोन आकडे वजा करायला आणि दीडपट करून ८ मिळवायला एक मिनिटही लागत नाही, आणि बायकार्बोनेटच्या अँप्युल फोडून भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. विभागप्रमुखांनी एवढं करावं: एबीजीची स्लिप केसपेपरला नुसती चिकटवू देऊ नये. तिच्याशेजारी सोडियम, क्लोराइड, अल्ब्युमिन, दुरुस्त केलेली गॅप, अपेक्षित कार्बन डायऑक्साइड आणि आजार किती दिवसांचा हे हातानं लिहिलेलं असल्याशिवाय राउंडला ती स्लिप ऐकूनच घेऊ नये.